कडी नसलेल्या मठातला फ्रीज

"...पण आत गार झालंय का नाही, हे उघडल्याशिवाय कळणार कसं, अप्पाजी?"

विरूपाक्षाने हे विचारलं तेव्हा फ्रीजचं दार सताड उघडं होतं आणि तो कंबरेपर्यंत आत वाकलेला होता.

अप्पाजी ओसरीवर वाती वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"अप्पाजी?"

"ऐकायलोय."

ऐकत होते, हे खरं. उत्तर काही आलं नाही. आमच्या अप्पाजींचं, म्हणजे मठाच्या स्वामींचं, हे असंच. नव्या माणसाचा जीव मेटाकुटीला येतो.

मी त्या मठात स्वयंपाकाला होतो. फ्रीज माझ्याच स्वयंपाकघराच्या दारात होता, तिथून ओसरी समोर दिसायची. त्यामुळे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. शिवाय त्या दिवशी माझंही डोकं फिरलेलं होतं, कारण दासोहासाठी, म्हणजे येईल त्याला जेवू घालण्यासाठी, केलेलं ताक त्या फ्रीजमध्ये आंबून फुकट गेलं होतं.

मठ गावाबाहेर माळावर आहे. त्याच्या एकाही दाराला कडी नाही. यांच्या आधीच्या थोरल्या अप्पाजींनी सगळ्या कड्या, कोयंडे उपटून काढले, ते आजतागायत कुणी परत लावले नाहीत. कुणीही यावं, भाकरी घ्यावी, पाणी घ्यावं, पडून राहावं. कुणाला विचारायचं नाही आणि कुणी विचारत नाही.

फ्रीज आला तो गावातल्या सुगलाबाईच्या पोरीसाठी.

महानंदा तिचं नाव. दोन्ही वेळच्या जेवणाआधी तिला इन्सुलिनची सुई लागते. ते औषध गारव्यात राहावं लागतं, आणि सुगलाबाईचं घर पत्र्याचं. आदल्या उन्हाळ्यात तिने पोरीला उदगीरला मामाकडे ठेवलं, तिथे फ्रीज होता. पोर तिथे जेवेना, दिवसभर उंबऱ्यात बसून रस्त्याकडे बघायची. इकडे आई मठात येऊन माझ्या चुलीपुढे रडायची. मला रडणाऱ्या माणसांपुढे काही सुचत नाही. मी तिला कांदे चिरायला द्यायचो.

मग गावाने मिळून मठासाठी फ्रीज घ्यायचं ठरवलं.

तो निवडला विरूपाक्षाने. लातूरला फ्रीजच्या दुकानात त्याने उमेदीची वर्षं काढली होती आणि आता तो अप्पाजींकडे शिष्य म्हणून आला होता. एक व्यापारी दोन दारांचा मोठा फ्रीज द्यायला निघाला होता. विरूपाक्षाने त्याला सरळ नाही म्हणून सांगितलं.

"एवढा मोठा इथे पोसणार कोण? एका दाराचाच घ्या. वरच्या कप्प्यात बर्फ धरतो, तोच वीज गेल्यावर आतला गारवा राखतो. सोबत स्टॅबिलायझर घ्या. अन् भिंतीपासून वीतभर लांब ठेवायचा, चुलीच्या बाजूला नाही."

चुलीच्या बाजूला नाही, हे माझ्याकडे बघून.

फ्रीज आला. दाराला कुलूप होतं, मुठीला किल्ली लोंबत होती. अप्पाजींनी ती किल्ली काढून घेतली, चालत विहिरीवर गेले आणि आत टाकली. परत येऊन विरूपाक्षाला म्हणाले, "आता हे तू सांभाळ."

"मी शिकायला आलोय, अप्पाजी."

"हां."

"माझं मन कधी शांत होईल, एवढंच विचारलं होतं मी तुम्हाला."

"हां. फ्रीज सांभाळ."

त्याने तो मन लावून सांभाळला, यात वाद नाही. वरच्या कप्प्यात बर्फ बोटभर जाड झाला की बटण बंद करून, दार उघडं टाकून आपोआप वितळू द्यायचा. मी एकदा उलथनं घेऊन बर्फ खरवडायला गेलो, तर त्याने माझ्या हातातून ते हिसकावून घेतलं. आतली नळी फुटली की फ्रीज संपलाच, म्हणाला. गरम भांडं आत ठेवू द्यायचा नाही. रबराच्या कडा ओल्या फडक्याने पुसायचा.

पहाटे तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेलाही तो बसायचा. पण मधूनच एक डोळा उघडायचा, अप्पाजींकडे बघायचा आणि परत मिटायचा. अप्पाजींना दिसत असणारच.

त्या आठवड्यात ऊन असं तापलं होतं की दुपारी माळावर कुत्रंही दिसत नव्हतं. एक अख्खा दिवस वीज गेली. फ्रीजमधला सगळा बर्फ वितळून खालच्या ट्रेमधून बाहेर वाहिला. संध्याकाळी वीज आली, फ्रीज सुरू झाला, पण रात्र गेली, दुसरा दिवस गेला, तरी गार होईना.

महानंदाची चालू बाटली अप्पाजींनी ओल्या वाळूच्या माठात ठेवली, आतल्या अंधाऱ्या खोलीत. चार-दोन दिवस ते चालतं. पण महिन्याच्या नव्या बाटल्या त्याच संध्याकाळी तालुक्याहून यायच्या होत्या.

सकाळी सुगलाबाई येऊन सांगून गेली.

"संध्याकाळपर्यंत गार झालं तर बाटल्या इथं ठेवते. न्हाई तर पोरीला घेऊन तशीच उदगीरला जाते. करू काय मी दुसरं?"

एवढं बोलून ती वळली. पदराने तोंड पुसलं ते घामाने का आणखी कशाने, मी बघितलं नाही.

विरूपाक्ष उभा राहिला. पेटला होता अगदी.

"हा फ्रीज गार झाल्याशिवाय मी अन्नाला शिवणार नाही."

अप्पाजींनी वर बघितलं. "फ्रीजला सांगितलंस का?"

मी हसलो. विरूपाक्ष हसला नाही. त्याने बाह्या वर केल्या.

मी म्हटलं, उदगीरच्या मिस्त्रीला बोलावू. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प भाकरी थापायला लागलो.

"मिस्त्री? अहो, दुकानात दार लावल्याचा नुसता आवाज ऐकून मी सांगायचो, रबर कसं आहे ते."

मग सुरू झालं.

दारात कागद धरून दार लावलं, कागद ओढून बघितला. कागद घट्ट बसला होता. रबर चांगलं. मागची जाळी ब्रशने झाडली, धुळीचा लोट माझ्या वरणात आला. पुढचे पाय फिरवून फ्रीज जरा मागे कलता केला, म्हणजे दार आपलं आपण लागावं. आतलं गारवा कमीजास्त करायचं बटण शेवटच्या आकड्यावर नेलं. स्टॅबिलायझरचा काटा बघितला. मशीन घुमत होतं, मागची जाळी हाताला गरम लागत होती, म्हणजे काम चाललं होतं.

आणि दर खेपेला तो दार उघडून आत हात घालायचा.

"अजून नाही."

एकदा त्याला शंका आली की आतला दिवा दार लावल्यावरही पेटताच राहत असेल, त्याची धग होत असेल. दिवा विझतो का हे बघायला त्याने दार हळूच उघडलं. दिवा पेटलेला. परत लावलं, परत उघडलं. पेटलेलाच. मग कपाळावर हात मारून त्याने बोटाने दाराचा खटका दाबून बघितला, तेव्हा दिवा विझला.

मी तोंड फिरवून हसून घेतलं.

ऊन चढलं तशी माणसं यायला लागली. रोजगाराहून परतणाऱ्या बाया, एक टपालवाला. कुणी माठातलं पाणी प्यायलं, कुणी सवयीने फ्रीज उघडून पाण्याची बाटली घेतली, तोंड लावलं, दार ढकलून गेलं.

विरूपाक्ष तापला.

"हे बघा! हे कारण आहे! अख्खं गाव दार उघडतंय. गारवा टिकणार कसा? ती किल्ली असती तर..."

"विहिरीत हाय," मी म्हटलं.

तो गोठ्यात गेला आणि काथ्याची दोरी घेऊन आला. फ्रीजभोवती दोन वेढे दिले, मुठीतून ओवून करकचून गाठ मारली आणि पुढ्यात पोतं टाकून राखणीला बसला.

थोड्या वेळाने बिरू आबा आला. मेंढरं बाभळीखाली बसवून तो रोज या वेळी येतो. म्हातारा थेट फ्रीजपाशी गेला आणि थबकला.

"आज नाही, आबा," विरूपाक्ष म्हणाला. "माठातलं घ्या."

म्हातारा दोरीकडे बघत राहिला.

"मठात... दोरी?"

"आजच्या दिवस."

बिरू आबाने मान हलवली. माठाकडे वळलाही नाही. पायऱ्या उतरून उन्हात चालता झाला.

मला फार वाईट वाटलं. त्या मठात इतकी वर्षं काढली, पण कुणाला तहानलेलं परत जाताना मी पाहिलं नव्हतं. विरूपाक्षाचा राग आला, आणि हातातलं पीठ तसंच टाकून मी गप्प उभा राहिलो म्हणून माझाही आला.

अप्पाजींनी वातींचं ताट बाजूला ठेवलं. उठले. मला म्हणाले, "जा, त्याला बोलावून आण."

मग फ्रीजपाशी गेले.

"दोरी कशाला रे?"

"लोक सारखं उघडायलेत, अप्पाजी. मी इथला नियम मोडला, कळतंय मला. पण त्या पोरीला उदगीरला जाऊ द्यायचं नाही मला. काहीही झालं तरी."

"बरं." अप्पाजी थांबले. "दोरी बांधल्यावर कुणी उघडलं?"

"कुणीच नाही."

"मग झालं असंल की गार."

विरूपाक्षाचा चेहरा उजळला.

"थांबा, बघतो."

आणि त्याने स्वतःच्या हाताने गाठ सोडायला घेतली.

मी तेव्हा दारातच होतो, म्हाताऱ्याला हाक मारायला निघालेला. तिथेच थांबलो. करकचून मारलेली गाठ होती. त्याने नखं लावून, दात लावून ती सोडवली, वेढे उलगडले, दार उघडलं. आत हात घातला. वरच्या कप्प्यात घातला, खालच्या कप्प्यात घातला. आतला थर्मामीटर काढून उजेडात धरला, परत ठेवला. दार तोवर उघडंच. माझ्या तोंडावर कोमट हवा आली.

"नाही, अप्पाजी. अजून नाही."

अप्पाजींनी उघड्या दाराकडे बघितलं.

...

विरूपाक्षाचा हात आतच होता. तो आधी त्या हाताकडे बघत राहिला, मग सुटून पडलेल्या दोरीकडे, मग अप्पाजींकडे.

अप्पाजींनी दार लावलं. खाली वाकून दोरी उचलली.

"हात दे."

"अप्पाजी..."

"उजवा."

त्यांनी दोरीचं एक टोक विरूपाक्षाच्या मनगटाला बांधलं. दुसरं टोक स्वतःच्या डाव्या मनगटाला बांधलं. तशीच त्याला ओसरीवर घेऊन आले, फ्रीजकडे पाठ करून बसले, त्यालाही बसवलं आणि ताट पुढे ओढून वाती वळायला लागले.

मी पळत जाऊन बिरू आबाला आणलं. त्याने फ्रीज उघडला, बाटली घेतली, घटाघटा प्यायला, कोपराने दार ढकललं.

"लागलं का नीट?" विरूपाक्ष मागे वळला. दोरी ताणली गेली. अप्पाजींच्या हातातली वात फिसकटली.

अप्पाजींनी ती ताटाच्या कडेला ठेवली. दुसरा कापूस घेतला.

"आजवर कोण अडवत नव्हतं, म्हणून यायचो," म्हातारा अप्पाजींना म्हणाला. "उद्या यायचं का?"

"या," हे विरूपाक्ष म्हणाला. "चुकलं माझं, आबा. या उद्या."

म्हातारा गेला.

त्यानंतरची दुपार मी विसरणार नाही. काही म्हणजे काही घडत नव्हतं, तरी माझं चुलीकडे लक्ष लागत नव्हतं.

विरूपाक्षाला बसवत नव्हतं. पाठीमागे फ्रीज घुमतोय, आणि आत काय चाललंय ते कळत नाही. त्याचा हात आपोआप उचलला जायचा. दोरीला हिसका बसला की अप्पाजींची वात बिघडायची. अप्पाजी रागवत नव्हते, बघत नव्हते, ती वात कडेला ठेवून नवी घेत होते. ताटाच्या कडेला बिघडलेल्या वातींचा ढीग झाला.

विरूपाक्ष त्या ढिगाकडे बघत होता. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावरून घाम निथळतोय. सकाळी दोरी आवळताना जो निर्धार होता तोच होता, पण आता आवळायला स्वतःशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं.

एका बाईने येऊन पाणी नेलं. त्याचे खांदे ताठ झाले. हात हलला नाही.

मी त्याच्यापुढे भाकरी नेऊन ठेवली. त्याने मानेनेच नको म्हटलं. पण चेहऱ्यावर घुश्शाचं नाव नव्हतं.

हळूहळू ताटात सरळ वाती दिसायला लागल्या.

ऊन उतरत आलं, आणि एकदम फ्रीजची घरघर थांबली.

टक्.

विरूपाक्ष ताडकन उठायला गेला. दोरी ताणली. अप्पाजींच्या हातातली वात अर्धीच वळून राहिली.

"बंद झाला!"

"हं."

"अप्पाजी, गार झाला की मशीन आपलं आपण थांबतं. पण जळलं तरी असंच थांबतं!" तो मला म्हणाला, "वीज आहे का?"

मी पंख्याकडे बघितलं. फिरत होता.

"हाय."

"मग दोन्हीतलं एक. एकदाच बघू द्या. एकदाच, अप्पाजी. फटीतून."

...

अप्पाजी हातातली अर्धी वात तशीच धरून बसले. ना वळली, ना टाकली.

विरूपाक्षाने डोळे मिटले. मोठा श्वास घेतला. दोरी सैल झाली.

अप्पाजींनी वात पुरी केली.

दिवे लागायच्या सुमाराला सुगलाबाई आली. ओल्या फडक्यात गुंडाळलेला डबा छातीशी धरलेला, मागे धुळीत महानंदाची छोटी पावलं. पोर दारातच उभी राहिली. तिच्या पाठीवर कपड्यांची पिशवी होती. उदगीरची तयारी.

"शरणार्थ, अप्पाजी." सुगलाबाईने ओसरीवरची दोरी बघितली, विचारलं काही नाही. "झालं का गार?"

अप्पाजींनी विरूपाक्षाकडे बघितलं.

विरूपाक्षाने तोंड उघडलं. मला वाटलं, आता रबर येणार, जाळी येणार, स्टॅबिलायझर येणार.

"माहीत नाही, बाई," तो म्हणाला. "मी बघितलं नाही."

मठात आल्यापासून त्याच्या तोंडून 'माहीत नाही' मी पहिल्यांदा ऐकलं.

"उघड की तूच," अप्पाजी तिला म्हणाले.

सुगलाबाईने मुठीला हात घातला. दार उघडलं.

आधी ती नुसतीच उभी राहिली. मग तिने गाल पुढे केला, आतल्या हवेत धरला आणि डोळे मिटले. वरच्या कप्प्याच्या कडेला पांढरा बारीक बर्फ धरला होता.

"महानंदे," ती म्हणाली. "पिशवी उतरव गं. घरला जायचंय आपल्याला."

पोरीने पिशवी तिथेच टाकली आणि आईला येऊन चिकटली. मी चुलीकडे वळलो. धूर डोळ्यांत गेला होता, असं म्हणायला हवं, पण चूल विझलेली होती. रडलो मी, सरळ सांगतो.

सुगलाबाईने बाटल्या मधल्या कप्प्यात, पुढच्या बाजूला ठेवल्या. बर्फाच्या कप्प्याला लागून नाही, दारातही नाही. विरूपाक्षानेच तिला कधीतरी शिकवलं होतं. दार लावलं. लागलं का, हे बघायला ती थांबली नाही. पोरीचा हात धरून गेली.

अप्पाजींनी आपल्या मनगटाची गाठ सोडली. मग विरूपाक्षाची. दोरी माझ्या हातात दिली.

"गोठ्यात टाक."

मी पायरी उतरलो असेन नसेन, विरूपाक्ष धावत फ्रीजपाशी गेला. दार उघडलं. दोन्ही हात आत घातले, ते तोंडाला लावले. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. दार कोपराने उघडं धरून तो अप्पाजींकडे वळला. आतला दिवा त्याच्या पाठीवर पडला होता, गारवा पायांवरून ओसरीकडे वाहत होता.

"अप्पाजी! कळलं मला! तुम्ही फ्रीज का दिलात ते कळलं! इतके दिवस पहाटे पूजेला बसून मी जे करत होतो, मन शांत झालं का, झालं का म्हणून जे सारखं... अप्पाजी, ते मन म्हणजे..."

अप्पाजींनी ताटातली सगळ्यात लांब वात उचलली, दिव्यात ठेवली.

"दार लाव आधी."